राखलेला उजवा हात

आमच्या शाळेतले ड्रिलमास्तर डाव्या हाताने जेवत. गावात त्यांच्याविषयी पहिली चर्चा झाली ती यावरूनच. पंगतीला बसले की शेजारचा माणूस आपला पाट थोडा सरकवून घ्यायचा, वाढणाऱ्या बायका एकमेकींकडे बघायच्या, आणि मास्तर मान खाली घालून डाव्या हाताने आमटीभात कालवत राहायचे. बरं, डावखुरे असते तर लोकांनी सोडून दिलं असतं. ते डावखुरे नव्हते. निम्मा घास पानात सांडायचा, पाण्याचा तांब्या निसटायचा. उजवा हात मात्र मांडीवर नुसता पडून असायचा.

त्या हाताला खरोखरच काही काम नव्हतं. मास्तर त्याने तांब्या उचलत नसत, खडू धरत नसत, सायकलचा दांडा पकडत नसत. थंडीत त्याच्यावर लोकरीचा पट्टा गुंडाळत. सकाळी कोवळ्या उन्हात बसून खांद्यापासून बोटांपर्यंत करडईचं तेल चोळत. एकदा साताऱ्याहून शिक्षणखात्याचे साहेब तपासणीला आले. त्यांनी हस्तांदोलनासाठी हात पुढे केला, तर मास्तरांनी डावा हात दिला. साहेबांचा चेहरा उतरला. हेडमास्तरांना घाम फुटला. साहेब गेल्यावर हेडमास्तर म्हणाले, "अहो, दोन बोटं टेकवली असतीत तर काय झिजला असता का हात?"

"झिजत न्हाई सर," मास्तर शांतपणे म्हणाले. "पर सवय लागती."

मी त्याच शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवत होतो. आष्ट्याच्या पुढे दोन-एक कोसांवरचं ते गाव. त्याचं नाव मी लिहीत नाही. तिथे पुढे जे घडलं ते एकट्या त्याच गावात घडलं असं नाही, आणि तिथली पुष्कळ पोरं माझ्या हाताखालून गेलेली आहेत. शाळेमागच्या बोळात एक कौलारू घर भाड्याने घेऊन मी आणि आई राहत होतो. समोरच्या खोलीत मास्तर. लढाई संपून वर्षभराने पलटणीतून सुटून ते आमच्या शाळेत लागले होते. वय तिशी ओलांडलेलं, लग्न केलेलं नाही. कऱ्हाडजवळ मलकापूरला थोरल्या भावाचा ऊस होता. तो भाऊ अधूनमधून येऊन माझ्याकडे गाऱ्हाणं घालायचा. "गुर्जी, तुमी तरी समजवा. किती जागा आल्या. म्हणतोय, लंडनास्नं आल्यावर बघू."

मास्तरांचा जीव गोळाफेकीत होता. त्यांच्याजवळ सोळा पौंडांचा लोखंडी गोळा होता. तो ते गोणपाटाच्या पिशवीत घालून डाव्या खांद्याला अडकवत. बाजाराच्या दिवशी एका जैन व्यापाऱ्याच्या दुकानात जाऊन, गुळाच्या ढेपा जोखायच्या काट्यावर तो गोळा तोलून घेत.

"मास्तर, लोखंड हाय ते. वाळत न्हाई," व्यापारी म्हणायचा.

"बघा की एकदा शेठ. तुमचं काय जातंय?"

व्यापारी तोलायचा. मास्तर काट्याकडे एकटक बघायचे, मान हलवायचे आणि पिशवी उचलायचे. मला वाटतं, आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी त्या गोळ्याची दखल घ्यावी एवढंच त्यांना हवं असायचं.

त्यांची कहाणी त्यांनी मला सलग कधीच सांगितली नाही. तुकड्यातुकड्यांनी आली. लढाईच्या आधी पुण्याला पलटणीच्या खेळांत त्यांनी गोळा टाकला, तेव्हा एका इंग्रज कप्तानाने पाठ थोपटून सांगितलं, की पुढच्या ऑलिंपिकला तुला पाठवू. एवढंच. त्या कप्तानाला ते दुसऱ्या दिवशी आठवत होतं की नाही, देव जाणे. मास्तरांनी मात्र ते वाक्य काळजात ठेवलं. त्या दिवसापासून उजवा हात राखीव झाला. मग लढाई लागली आणि ते खेळ रद्द झाले. पुढचेही रद्द झाले. "दोन खेपा हुकल्या," असं ते म्हणत, गाडी चुकल्यासारखं. पण लगेच पुढे म्हणत, "माझं जायाचं ठरल्यालं हाय."

आफ्रिकेच्या वाळवंटात ते इटलीच्या कैद्यांवर पहाऱ्याला होते. त्या कैद्यांत एक दांडगा माणूस होता. तोही गोळाफेक्या. त्याला यांची भाषा येत नव्हती, यांना त्याची. पण मास्तर एकदा तारेच्या कुंपणाशी दगड खांद्याला लावून उभे असताना त्याने पाहिलं आणि तो हसला. खुणेने सांगितलं, पाय चुकतोय. मास्तरांना राग आला. त्यांनी दुसरा एक तसाच दगड शोधून तारेवरून त्याच्याकडे टाकला. मग कुंपणाच्या अलीकडे हे आणि पलीकडे तो, अशी दोघांनी फेक केली. बाकीचे कैदी ओरडत होते, यांच्या तुकडीतले जवान ओरडत होते.

"मग? कोण जिंकलं?" मी विचारलं.

"त्यो," मास्तर म्हणाले. "वीतभर फुडं गेला. पर दगड होता त्यो, गुर्जी. गोळा न्हवता. लंडनला येणार त्यो. तितं बघू."

त्याचं नाव त्यांना माहीत नव्हतं.

माझी आई सोवळ्यातली. वडील गेल्यापासून तिचं जग देवघर आणि चूल यांच्यामध्ये उरलं होतं. तरी समोर एकटा माणूस कच्चंपक्कं खातो हे तिला बघवत नसे. सणावाराला ती त्यांना ओटीवर पान मांडायची. पहिल्यांदा त्यांनी डावा हात पानाला लावला तेव्हा ती भात वाढता वाढता थांबली.

"ड्रिलमास्तर, देवाने उजवा हात दिलाय ना तुम्हाला?"

"व्हय काकू. पर त्यो राखीव हाय."

"कुणासाठी?"

मास्तरांनी तिला सगळं सांगितलं. लंडन, जगातले गोळाफेके, राजाराणी बघायला येणार. आई पळी हातात धरून ऐकत राहिली. तिला त्यातलं काय समजलं असेल कोण जाणे. शेवटी तिने विचारलं, "आणि तुम्ही पहिले याल?"

"आता काकू, ते आपन कसं सांगायाचं?" मास्तर म्हणाले, पण त्यांचे कान लाल झाले होते.

त्या दिवसापासून आई त्यांचा भात चांगला मऊ कालवून वाढू लागली, डाव्या हाताने सांडू नये म्हणून.

लंडनला खेळ भरणार हे वर्तमानपत्रात आलं, आणि उन्हाळ्यात मुंबईला निवड व्हायची आहे असं ऐकू आलं, तेव्हा गावाचा नूर पालटला. कालपर्यंत जे हसत होते ते आता संध्याकाळी शाळेच्या पटांगणाच्या कडेला येऊन बसू लागले. मास्तर फक्कीने आखलेल्या वर्तुळात उभे राहत, गोळा मानेशी धरत, गुडघ्यात वाकत, आणि एकाएकी सगळं अंग उसळून गोळा सुटे. काळ्या मातीत तो धप्पकन रुतला की बसलेली माणसं 'हां' करत. तालमीचा वस्ताद तर रोज सकाळी म्हशीचं धारोष्ण दूध घेऊन स्वतः मास्तरांच्या दारात यायचा. "प्या मास्तर. गावाचं नाव काढा," म्हणायचा आणि पेला रिकामा होईपर्यंत उभा राहायचा.

त्याच हिवाळ्यात दिल्लीत महात्माजींवर गोळ्या झाडल्या गेल्या. रेडिओवरून बातमी आली आणि मारणाऱ्याची जातही लोकांना कळली. सुरुवातीला गाव नुसतं सुन्न होतं. वस्ताद चावडीसमोर बसून लहान मुलासारखा रडताना मी पाहिला. मग सांगलीकडून धुराच्या वार्ता येऊ लागल्या. आसपासच्या गावांतून जमाव फिरू लागले. जळत होती ती ब्राह्मणांची घरं.

ते आमच्या गावात आले तेव्हा दुपार होती. शाळेला सुट्टी दिली होती. हेडमास्तरांनी मला आणि मास्तरांना कपाटं बंद करायला बोलावलं होतं. आरडाओरडा ऐकू आला आणि आम्ही दोघे धावलो. बोळाच्या तोंडाशी येईपर्यंत आमच्या ओटीने पेट घेतला होता. माणसं बरीचशी परगावची होती, पण सगळी नाही. वस्ताद रॉकेलचा डबा घेऊन उभा होता. मला बघून त्याने मान वळवली, आणि मास्तरांना म्हणाला,

"मास्तर, तुमी बाजूला व्हा. तुमी आपल्यातलं हायसा."

"म्हातारी हाय आत," मास्तर म्हणाले.

"कोन म्हातारी? घर रिकामं हाय म्हनून सांगितलं आमाला."

 मास्तर वळसा घालून मागच्या दाराकडे पळाले. त्यांच्या मागे मी. वस्ताद डबा घेऊन तसाच उभा राहिला. त्याने तो खाली ठेवला की नाही ते मी पाहिलं नाही.

मागच्या दाराला आईने आतून कडी लावली होती. मास्तरांनी खांद्याने दार फोडलं. आत धूर इतका, की आई दिसेना. ती देवघराच्या कोपऱ्यात बसली होती, तोंडाला पदर लावून. ऊठ म्हटलं तरी तिला उठता येईना. मी पुढे झालो तोच दारावरची तुळई एका बाजूने सुटून खाली आली. ती जळत होती. ती पुरती पडली असती तर आम्हा दोघांना बाहेर पडायला वाट राहिली नसती.

मास्तरांनी ती वरच्यावर धरली. उजव्या हाताने, तळवा लावून.

"गुर्जी, काढा त्यास्नी. म्या धरलंय."

मी आईला काखेत धरून ओढत आणलं आणि त्यांच्या हाताखालून वाकून बाहेर काढलं. किती वेळ लागला ते मला सांगता येत नाही. पुष्कळ लागला. आई जड नव्हती, पण तिचं लुगडं उंबऱ्यातल्या खिळ्याला अडकलं आणि मला ते सोडवता येईना. शेवटी फाडलं. तेवढा सगळा वेळ ते तिथे उभे होते. तोंडातून आवाज नाही. फक्त दात एकमेकांवर घासल्याचं मला ऐकू येत होतं. आम्ही बाहेर पडल्यावर त्यांनी तुळई सोडली आणि अंगणातल्या हौदापर्यंत चालत गेले.

मिरजेच्या दवाखान्यात ते बरेच दिवस होते. हात वाचला, पण बोटं आकसून तळव्याला चिकटली. डॉक्टर म्हणाले, एवढ्यावर निभावलं हेच नशीब. एकदा मी त्यांना विचारलं, "मास्तर, सगळं तर डाव्या हाताने करत होता. त्या वेळी डावा का नाही लावलात?"

ते माझ्याकडे नवल वाटल्यासारखं बघत राहिले.

"डाव्यात जोर कुटं व्हता, गुर्जी?"

आईला मी सांगलीला मावशीकडे ठेवलं होतं. ती एक दिवसाआड मिरजेला यायची. दवाखान्याचं पाणी न पिणारी माझी आई त्यांच्या खाटेशी बसून त्यांना स्वतःच्या हाताने मऊ भात भरवायची. पहिल्या दिवशी मास्तरांनी डोळे मिटून घेतले होते. "तोंड उघड," ती म्हणाली. अहोजाहो त्या दिवशी संपलं. भरवता भरवता मध्येच थांबून म्हणाली, "माझ्यापायी तुझं विलायतेचं बुडालं रे."

"जाऊ द्या काकू."

"पहिला आला असतास."

 मास्तरांनी पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.

मुंबईची निवड झाली ती आम्हाला उशिरा कळली. मास्तर तोवर शाळेत परतले होते. वस्तादाचं दूध पुन्हा येऊ लागलं होतं, पण तो आता स्वतः येत नसे, कुणाकडून तरी पाठवी. मास्तर ते घेत आणि शाळेच्या शिपायाला देऊन टाकत. संध्याकाळी पटांगणावर ते डाव्या हाताने गोळा टाकून बघत. गोळा जवळच पडे. कडेला आता कुणी बसत नसे. मी वर्गाच्या खिडकीतून बघत असे आणि मला तिथून उठावंसं वाटे. त्या हाताने इतकी वर्षं वाट पाहिली आणि शेवटी तो माझ्या घराच्या दारात जळला, हे मला विसरता येत नव्हतं. त्यांच्याशी बोलताना माझा आवाज आपोआप खाली यायचा. त्यांनाही ते कळत असणार.

श्रावणात एका रविवारी आम्ही दोघे आईला भेटायला सांगलीला गेलो. परतताना मास्तर म्हणाले, "वाचनालयात जाऊन यूया का? लंडनचं आलं आसंल."

इंग्रजी वर्तमानपत्रांचा गठ्ठा काढून मी शोधू लागलो. मास्तर बाकावर माझ्या शेजारी बसले होते, टोपी मांडीवर. बातमी लहानशी होती. गोळाफेकीत पहिले तिघेही अमेरिकेचे.

"किती टाकला पयल्यानं?"

मी आकडा वाचला आणि पुन्हा एकदा मनात वाचला. मास्तरांची आजवरची लांबात लांब फेक पंचेचाळीस फुटांच्या आसपासची होती. तिथे पटांगणावर त्यांनी कडुनिंबाची खुंटी मारून ठेवली होती.

"छप्पन्न फूट," मी म्हणालो. "वर दोनेक इंच."

"नीट बघा. सेहेचाळीस आसंल."

"छप्पन्नच आहे, मास्तर."

"आन् तिसरा?"

"तोही त्रेपन्नाच्या पुढे."

त्यांनी मांडीवरची टोपी उचलून पुन्हा तिथेच ठेवली. मग विचारलं, "त्यो इटलीवाला?"

"इथे पहिल्या तिघांचीच नावं आहेत."

"आसं."

आकडा वाचला तेव्हा माझ्या मनावरचं दडपण एकदम हलकं झालं होतं, हेही सांगितलं पाहिजे. हात शाबूत असता तरी काही होणार नव्हतं. आमच्या घराने त्यांचं काही हिरावून घेतलेलं नव्हतं. महिनोन्‌महिने जे मला टोचत होतं त्याचा काटा एका ओळीत निघाला होता. मला मोकळा श्वास आला, आणि तेवढ्यात मी मास्तरांकडे पाहिलं. दवाखान्यातसुद्धा त्यांचा चेहरा असा झाला नव्हता.  परतीच्या वाटेवर आष्ट्याला मोटार थांबली तेव्हा मी चहा विचारला, तर त्यांना ऐकूच गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत लवकर गेलो. भुरभुर पाऊस होता. मास्तर पटांगणात फीत धरून उभे होते. एक टोक वर्तुळाशी दगडाखाली दाबलेलं, दुसरं डाव्या हातात. स्वतःची खुंटी ओलांडून ते पुढे गेले होते, पार बाभळीच्या कुंपणाशी. तिथवर कधी कुणी गोळा जाईल असं वाटलंच नव्हतं, म्हणून गवतही कापलेलं नव्हतं. मी छत्री घेऊन जवळ गेलो.

"हितं पडला त्येचा," ते म्हणाले. पायाने त्यांनी चिखलात टाच रुतवून खूण केली. मग मागे वळून आपल्या खुंटीकडे पाहिलं. "लय लांब हाय, गुर्जी. आमी येडंच म्हनायचं."

"असं नका म्हणू. तुम्हाला शिकवायला कोण होतं? खायला काय होतं? मधली वर्षं लढाईत गेली."

"ते खरं. पर हात धड आसता तरीबी..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. आकसलेला हात त्यांनी सदऱ्याच्या खिशात घातला होता. "जाऊ द्या, गुर्जी. कप्तान बोलला, आमी धरून बसलो. लढाईत मेलो न्हाई ते त्याच्यापायीच. वाळवंटात रोज वाटायचं, आपल्याला जायाचं हाय."

पाऊस वाढला. मी छत्री त्यांच्यावर धरली, तर ते बाजूला झाले.

"एक ऐका माजं. काकूंना ह्यो आकडा सांगू नका."

"का बरं? उलट तिला बरं वाटेल. ती रोज देवापुढे स्वतःला दोष देत बसते."

"म्हाईत हाय मला," मास्तर म्हणाले. "त्यास्नी वाईट वाटतंय, म्या काय आंधळा न्हाई. पर त्यास्नी वाटतंय म्या पयला आलो आसतो. दुसऱ्या कुनाला आता वाटनार न्हाई. मला सुदिक न्हाई. एका मानसाला तरी वाटू द्या."

मी बरं म्हणालो.

दिवाळीत त्यांनी शाळा सोडली आणि मलकापूरला भावाच्या उसात राबायला गेले. लग्न केलं नाही. मी पुण्याला बदलून गेलो आणि तिथेच संसार मांडला. काही वर्षांनी तापाचं निमित्त होऊन ते गेल्याचं कळलं, तेही उशिरा.

आई त्यांच्यानंतर पुष्कळ जगली. घरात नवं माणूस आलं की ती त्याला ही हकीकत सांगायची. आग, धूर, फाटलेलं लुगडं, आणि तो हात. दरवर्षी तिच्या सांगण्यात मास्तर थोडे अधिक उंच होत गेले. माझी थोरली सून घरात आली तेव्हाही आईने तिला समोर बसवून सगळं सांगितलं. सून शिकलेली, खेळांची आवड असलेली. ती ऐकत राहिली आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "खरंच का हो मामंजी? ते पहिले आले असते?"

आई माझ्याकडे बघत होती. तिला आता नीट दिसत नसे, तरी बघत होती.

"हो," मी म्हणालो. "पहिलेच."